सेहरीच्या वेळी फरशीवर सापडलेला मासा



गेल्या रमजानमधली गोष्ट. शेवटचा अशरा सुरू झाला होता. सेहरीसाठी चारच्या सुमारास उठले. थोरला बैठकीतच झोपतो, त्याची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता स्वयंपाकघराकडे निघाले, तर सोफ्याच्या पायाशी काहीतरी पडलेले दिसले. निळ्या कापडाची चिंधी असेल असे वाटले. ईदच्या कपड्यांची शिवणकामे चालू होती, चिंध्या घरभर होत्या. मोबाईलचा उजेड पाडला तर चिंधी नव्हती, धाकटीचा फायटर मासा होता. टाकीपासून चांगला दोन हात लांब. पंख अंगाला चिकटलेले, त्यांवर धूळ, आणि शेपटीला एक लांब केस गुंडाळलेला.

खरे सांगायचे तर मी आधी सुपली उचलली. मेलेले झुरळ उचलतो तसे उचलायचे, मुलगी उठायच्या आत बाहेर टाकायचे आणि सकाळी काहीतरी समजूत घालायची, एवढाच विचार. वाकले आणि थांबले. थांबले ते सहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारमुळे.

तेव्हा थोरल्याने नाजरा कुरआन पूर्ण केला म्हणून त्याच्या चाचूंनी पुण्याहून काचेची गोल बरणी आणि दोन गोल्डफिश आणले होते. बरणीला झाकण नव्हते. दुकानदाराने दिले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी केर काढताना एक मासा फ्रिजमागे सापडला. सोनेरी रंग उडालेला, अंग कोरडे. मी सुपलीत घेतला, मागच्या दारी मोगऱ्याच्या कुंडीत खड्डा केला आणि माती लोटली. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. माझ्या ओढणीला धरून उभी होती. ती म्हणाली, "अम्मी, त्याचं तोंड हललं." मी म्हणाले, "मुंग्या असतील." आणि हात धुऊन जुहरच्या नमाजला उभी राहिले.

त्यानंतर तिने विषय काढला नाही, पण मोगऱ्याला पाणी घालायला सांगितले की ती त्या एका कुंडीला घालत नसे. मला हे कळायला बरेच दिवस लागले. आई झाले, शिक्षिका झाले, बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर दिला, तरी.

तर या वेळी सुपली खाली ठेवली. हात ओले केले. टाकीतलेच पाणी वाटीत घेऊन थेंब थेंब माशावर सोडले, कारण तो फरशीला चिकटला होता आणि ओढला असता तर कातडी सुटली असती. मग तळव्यावर घेऊन टाकीत सोडला. तो दगडासारखा तळाला गेला आणि आडवा पडून राहिला. धूळ हळूहळू सुटून पाण्यात तरंगू लागली. केस तसाच होता. हातातली कामे सोडून बघत बसायला वेळ नव्हता, चपात्या व्हायच्या होत्या. पण बातमी घरभर झाली. थोरला हातात खजूर धरून टाकीपुढे, त्याचे अब्बा पाण्याचा ग्लास घेऊन टाकीपुढे, आणि धाकटी तर जेवायलाच तयार नाही. सेहरी संपायला दहा मिनिटे राहिली तेव्हा मी रागावले, मग तिने दोन घास खाल्ले.

फजरची नमाज झाली, तरी मासा आडवाच. मी मनात म्हटले, चला, निदान या वेळी प्रयत्न तरी केला. तेवढ्यात धाकटी ओरडली. कल्ल्यावरचे झाकण एकदा उघडले आणि मिटले. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. मग त्याने अंगाला झटका दिला, तिरका तिरका वर आला, पृष्ठभागावर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि परत तळाला जाऊन पडला. अकराला दिवे मालवले तेव्हा तो टाकीत होता, चारला फरशीवर. मधल्या पाच तासांत तो नेमका केव्हा बाहेर पडला ते कोणालाच माहीत नाही.

धाकटी जुम्म्याला सूरह कहफ वाचते, अर्थासह. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) आणि त्यांच्या तरुण सोबत्याने बरोबर घेतलेला मासा दोन समुद्रांच्या संगमाजवळ पाण्यात निसटून गेला, ती गोष्ट तिला पाठ आहे. म्हणाली, "तो मासा पाण्यात गेला होता. आपला उलटा निघाला, पाण्यातून फरशीवर." घरात त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा सगळे हसले.

त्या दिवशी शाळेत जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच प्रश्न. मासा पाण्याबाहेर मरतो हे आपण पहिलीच्या मुलालाही शिकवतो. मग हा जगला कसा?

याचे उत्तर कल्ल्यांच्या रचनेत आहे. गंमत अशी की हवेत ऑक्सिजन कमी नसतो. एक लिटर पाण्यात तो जेवढा विरघळलेला असतो, त्याच्या कितीतरी पट एक लिटर हवेत असतो. मासा गुदमरतो तो ऑक्सिजनच्या ढिगाऱ्यात. वर्गात मी हे वहीने दाखवते. जुनी वही बादलीत बुडवा, तिची पाने पाण्यात सुटी सुटी हलतात. बाहेर काढा, सगळी पाने चिकटून एक लगदा होतो. कल्ल्यांच्या तलम झालरींचे तसेच होते. पाण्यात त्या पसरलेल्या असतात आणि प्रत्येक झालरीला पाण्याचा स्पर्श मिळतो. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि ऑक्सिजन घ्यायला जागा उरत नाही. त्यानंतर त्या सुकू लागतात. सुकल्या की मात्र परतीचा रस्ता बंद होतो. म्हणजे मासा पाण्याबाहेर पडल्याक्षणी मरत नाही. कल्ले ओलसर आहेत तोवर त्याच्याकडे थोडा अवधी असतो. तो अवधी माशाच्या जातीवर, आकारावर, हवेतल्या दमटपणावर आणि फरशी कशी आहे यावर ठरतो. लहानसा गप्पी मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी काही मिनिटांत संपतो. तोच पावसाळी रात्री ओल्या फरशीवर जास्त टिकतो.

फायटरची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक जादा अवयव असतो. घड्या घातलेल्या हाडाच्या पातळ पापुद्र्यांवर रक्तवाहिन्यांचे अस्तर, असा. त्याने तो हवेतला ऑक्सिजन थेट घेऊ शकतो. गुरामी नावाचे मासे दुकानात मिळतात, त्यांच्यातही हाच अवयव असतो. म्हणूनच फायटर अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. तो न मिळाला तर पाण्यात असूनही तो गुदमरतो. टाकी काठोकाठ भरून वर घट्ट झाकण लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेला जागा हवी.

त्याला हा अवयव का मिळाला? कारण या माशाचे मूळ घर थायलंड आणि आसपासच्या देशांतली भातखाचरे आणि उथळ डबकी. तिथले पाणी उन्हाने तापते, त्यात ऑक्सिजन कमी होतो, कधी खाचर आटते. अशा जागी ज्याला हवा पिता येते तोच टिकतो. मी हे घरी सांगितले तर धाकटी म्हणाली, "म्हणजे हा वेल्ह्याचाच झाला की."

तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. मी राहते भोरला आणि शिकवते वेल्हे भागात. (आता राजगड तालुका म्हणायचे, पण बसमध्ये अजून सगळे वेल्हेच म्हणतात.) तिथे जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहू लागले की दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी मुले नसतात. ती चढणीचे मासे धरायला गेलेली असतात. नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यात, ओढ्यातून खाचरात चढतात. बांधावरून पाणी सांडते तिथे उड्या मारतात. उडी चुकली की गवतात पडतात, तिथे तडफडत पुन्हा पाण्याची धार गाठतात. मुले टोपली, जुनी साडी, मच्छरदाणीचा तुकडा, जे मिळेल ते लावून बसतात. शेंगाळ, वाम, मरळ, मुरे आणि त्यांच्याहून लहान असंख्य.

मी सहावीच्या वर्गात आमच्या फायटरची हकिकत सांगितली. शहरातल्या मुलांनी डोळे मोठे केले असते. इथे कोणाला काही नवल वाटले नाही. मागच्या बाकावरचा एकजण, ज्याच्याकडून मी आजवर एकही गृहपाठ घेऊ शकलेले नाही, उभा राहून म्हणाला, "बाई, त्यो मेलेला नव्हताच. ओला हाय तवर जित्ता हाय." आणि मग त्याने मला मरळ शिकवली. मरळ घमेल्यात तळाला चार बोटे पाणी ठेवून बाजारात नेतात, ती दिवसभर जिवंत राहते. झाकली नाही तर रात्रीतून घमेल्याबाहेर निघून अंगणात सापडते. डबके आटले की ओल्या गवतातून सरपटत दुसरे गाठते. हे सगळे खरे आहे. मरळही हवा पिणाऱ्या माशांपैकीच आहे. मी दोन दिवस वाचून जे गोळा केले होते ते त्याला आजोबांकडून फुकट मिळाले होते. त्या दिवशी प्रगतीपुस्तकात त्याच्यासाठी वेगळा रकाना हवा होता असे मला वाटले.

अशा माशांबद्दल शास्त्रज्ञांनीही फार पूर्वीपासून लिहून ठेवले आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर थरंगंबाडी आहे, पूर्वी तो डेन्मार्कच्या ताब्यातला मुलूख होता. तिथल्या डाल्डॉर्फ नावाच्या अधिकाऱ्याने १७९१ मध्ये तळ्याकाठच्या ताडाच्या झाडावर, खोडाच्या खाचेतून वर सरकणारा मासा पाहिल्याचे लिहिले. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १७९७ मध्ये छापले. मासा खरोखर झाडावर चढतो का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला, पण तो कल्ल्यांच्या काटेरी झाकणांवर जोर देत जमिनीवरून चालतो याबद्दल वाद नाही. तो आमच्या फायटरचा लांबचा नातेवाईक, त्याच्याही डोक्यात तो घड्यांचा अवयव असतो. याहून पुढची मजल अमेरिका खंडातल्या खारफुटीच्या दलदलीत राहणाऱ्या एका बोटभर माशाची आहे. पाणी आटले की तो ओल्या, कुजक्या ओंडक्यांच्या पोकळीत शिरतो आणि कातडीतून श्वास घेत राहतो. असा तो पाण्याशिवाय ६६ दिवस राहिल्याची नोंद आहे.

पण जगण्याचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. त्याने उडी मारलीच का? आमच्याकडे त्याला दाणे वेळेवर, पाणी स्वच्छ, एकट्याचे राज्य. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "कंटाळला असेल बिचारा, जीव दिला." दुकानदार असेच काहीतरी सांगतात. मला हे पटत नाही. प्राणी जीव द्यायला उड्या मारत नाहीत.

इथे मला एक फार आवडलेली हकिकत सांगायची आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात डॅफ्नी सोअरेस नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या टेबलाजवळच्या टाकीत गप्पी मासे होते. तेच गप्पी, जे आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्या गावच्या टाक्यांत, डबक्यांत सोडतात. एक दिवस त्यातल्या एकाने उडी मारली आणि तो थेट त्यांच्या चहाच्या कपात पडला. चहा बर्फ घातलेला, थंड होता, म्हणून मासा वाचला. दुसऱ्या कोणी चहा ओतून दिला असता. त्यांनी मात्र सहकारी हिलरी बिअरमन यांच्यासोबत गप्पींच्या उड्यांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि २०१३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यात काय दिसले ते ऐका. एकतर या उड्यांच्या वेळी कोणी शत्रू मागे लागलेला नव्हता आणि वर कोणते भक्ष्यही नव्हते. म्हणजे ती घाबरून मारलेली उडी नव्हती आणि भुकेने मारलेलीही नव्हती. दुसरे असे की उडीआधी मासा पुढचे पर हलवत हळूहळू मागे सरकतो. गोट्या खेळणारा मुलगा नेम धरण्याआधी दोन पावले मागे जातो ना, तसा. मग शेपटीच्या जोरावर झेपावतो, स्वतःच्या लांबीच्या आठ पटींपर्यंत. तयारी करून मारलेली उडी. का, याचे त्यांनी सुचवलेले उत्तर असे की गप्पीचे मूळ घर त्रिनिदाद बेटावरचे डोंगरी ओढे. तिथे लहान लहान डोह, मध्ये खडक, धबधबे. एका डोहात गर्दी झाली की पलीकडच्या डोहात जायला उडी हाच रस्ता. ज्यांच्या पूर्वजांनी उड्या मारल्या त्यांचा वंश नवनव्या डोहांत पसरला.

याच्याही आधी, १९५१ मध्ये, लेस्टर अ‍ॅरॉन्सन या संशोधकाने बहामा बेटांवरच्या एका लहान सागरी माशाचा अभ्यास केला होता. ओहोटीला हा मासा खडकातल्या खळग्यांत अडकतो. त्याला डिवचले की तो शेजारच्या खळग्यात बरोबर उडी मारतो, मग त्याच्या पुढच्या, असे करत समुद्र गाठतो. खळग्याच्या तळाशी असताना पुढचा खळगा त्याला दिसतही नाही. मग कळते कसे? भरतीच्या वेळी सगळे खडक पाण्याखाली असतात तेव्हा तो वरून पोहत जातो आणि खळगे कुठे आहेत ते लक्षात ठेवतो. कृत्रिम खळगे करून केलेल्या प्रयोगांत, भरतीचा अनुभव न मिळालेल्या माशांच्या बहुतेक उड्या चुकल्या, आणि एका भरतीनंतर जवळपास सगळ्या बरोबर पडल्या. ४० दिवसांनंतरही त्यांना तो नकाशा आठवत होता. माशाची आठवण काही सेकंदांची असते असे सांगणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हा उतारा स्टाफरूममध्ये वाचून दाखवला.

म्हणजे उडी मारणारा मासा वेडा नसतो. त्याच्या कितीतरी पिढ्यांचा अनुभव त्याला सांगत असतो की या पाण्याच्या पलीकडे दुसरे पाणी आहे. ओढ्यात ते असते. वेल्ह्याच्या खाचरात ते असते. आमच्या बैठकीत मात्र पलीकडे फरशी होती. यात चूक माशाची नाही, त्याला तिथे ठेवणाऱ्यांची आहे.

शिवाय प्रत्येक उडी काही नव्या डोहाच्या शोधात नसते. पुष्कळदा मासा पाण्यालाच कंटाळलेला असतो, आणि हा कंटाळा मनाचा नव्हे, अंगाची आग होण्याचा असतो. माशाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, तो कल्ल्यांना झोंबतो. लहान बरणीत तो दोन दिवसांतही साठतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तसेच. पाणी अचानक फार थंड किंवा फार गरम झाले, मोठा मासा लहानाच्या मागे लागला, अंधारात एकदम दिवा लागला, तरीही मासा झेपावतो. आणि नव्या जागी आणल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे.

आमच्याकडे काय झाले ते शोधायला मी घरातच चौकशी समिती नेमली. निष्पन्न असे झाले की ईदची साफसफाई म्हणून थोरल्याने आदल्या संध्याकाळी टाकीतले सगळे पाणी उपसून नळाचे ताजे पाणी भरले होते, आणि जाळीचे झाकण धुऊन गच्चीवर वाळत घातले होते. ते मी पाहिले होते. आणून लावायचे तेवढे तरावीहच्या गडबडीत राहिले. त्याने चांगल्या मनाने केले, मी आळसाने सोडले. एकूण हिशेब माझ्याच नावावर जास्त निघाला.

कोणाच्या घरी असे घडले तर काय करावे, ते सांगते. पहिली गोष्ट, मेला असे ठरवू नका. कल्ला हलतो का पाहा, पण हलत नसला तरी पाण्यात सोडा. मासा जिवंत असेल तर त्याला तिरका केल्यावर डोळा थोडा फिरून सरळ राहू पाहतो, ही खूण डॉक्टरकी न शिकलेल्यालाही दिसते. हात ओले करूनच उचला. कोरड्या हाताने किंवा फडक्याने पुसू नका, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची चादर, ती निघाली की रोग शिरतात. धूळ पाण्यात आपोआप सुटते, चिमटीने ओढायची नाही. पाणी त्याच्याच टाकीतले घ्यावे, नळाखाली धरू नये. हवेचा पंप असेल तर बुडबुड्यांजवळ त्याला हलकेच सरळ धरावे. काहीजण शेपटी धरून पुढे-मागे ओढतात, त्याने कल्ल्यांना इजा होते. निदान अर्धा तास वाट पाहा. तो हलू लागला की टाकीवरचा दिवा बंद, त्या दिवशी दाणे बंद, आणि दुसरे मासे असतील तर त्यांच्यापासून वेगळा, कारण दुबळ्याला बाकीचे टोचतात. पुढचे आठवडाभर अंगावर कापसासारखे पांढरे काही येते का, बघत राहायचे. आमच्या फायटरच्या खालच्या बाजूचा डोळा दुधाळ झाला तो तसाच राहिला, आणि शेपटीचा एक तुकडा गळून गेला. बाकी खातो-पितो, अल्हम्दुलिल्लाह.

सगळे करूनही न जगणारे मासे पुष्कळ असतात. अंग कडक झालेले, डोळे आत गेलेले, कल्ले पांढरे पडलेले असतील तर तिथे काही करण्यासारखे नसते. मुलांना तसे सांगावे. पण बघून सांगावे.

आणि झाकण. याला खर्च काही नाही. खिडकीला डासांची जाळी लावून उरलेला तुकडा, चार कडांना चिमटे. वायर जाते ती फटही बंद करायची, मासा नेमका तिथूनच निघतो. पाणी काठाच्या तीन-चार बोटे खाली. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरायचे आणि एका वेळी फार तर चौथा हिस्सा बदलायचा. गोल बरणी कोणी भेट दिली तर तीत मनीप्लँट लावा. चाचूंना मी हे सांगितले आहे, त्यांनी वाईट वाटून घेतले नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांशी मात्र माझा एक वाद चालू आहे. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन चढत असतो. टोपली भरभरून तो धरला तर पुढच्या वर्षी चढणार कोण? मागच्या बाकावरचा म्हणतो, त्याचे आजोबा वाट पूर्ण अडवत नसत, बांधाच्या एका बाजूने पाण्याला वाट सोडत. आता लोक पूर्ण जाळे लावतात. या जूनमध्ये तो मला आणि धाकटीला ती जागा दाखवणार आहे. तिला मासा बांधावरून कसा जातो ते डोळ्यांनी पाहायचे आहे.

ईदनंतर एका संध्याकाळी ती टाकीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली, "अम्मी, तो गोल्डफिश तेव्हा जिवंत होता का?"

मी म्हणाले, "बहुतेक होता, बेटा. तू बरोबर सांगत होतीस. मी पाहिलं नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने जाळीचा सुटलेला चिमटा नीट लावला आणि तांब्या घेऊन मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालायला गेली.